खडूबाईंची चौघं

खडूबाई आम्हाला गणित शिकवायच्या. खरं नाव वेगळं, पण दोन्ही बाह्यांना कायम खडू लागलेला, म्हणून हेच चिकटलं. वडील शिंपी, घरात कॉलेजची पायरी चढलेल्या या पहिल्याच. केमिकल इंजिनिअरिंग विभागात त्यांना पंधरा वर्षं झाली होती.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईंच्या मनानं घेतलं की नुसती समीकरणं फळ्यावर सोडवून पोरांना काही उमगत नाही. मग त्या स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन बसू लागल्या. हा व्हॉल्व्ह कशाचा, ही नळी कुठे जाते, असं तिथल्या काकांना विचारत महिनाभर वही भरली. आम्ही हसायचो. पुढच्या सत्रात त्यांनी वर्गाचे चार-चारचे गट पाडले. प्रत्येक गटाने एका यंत्राचं गणित मांडायचं, ते संगणकावर चालवायचं आणि खऱ्या यंत्राशी ताडून बघायचं. गुण चौघांना सारखे, आणि परीक्षक कुणालाही काहीही विचारणार.

मी वर्गात पहिला येणारा, त्यामुळे हा नियम मला चांगलाच झोंबला. माझ्या गटात एक अबोल मुलगी होती. तिची मध्ये लुडबुड नको म्हणून मी तिला थर्मामीटर वाचायला बसवलं.

आमच्या वाट्याला वाफेवर पाणी तापवायचं मोठं भांडं आलं. माझ्या गणिताप्रमाणे पाणी बावीस मिनिटांत नव्वद अंशांवर जायला हवं होतं. लागली एकतीस. सादरीकरण चार दिवसांवर आलेलं. मी उष्णता आत जाण्याचा वेग गुपचूप कमी धरला, सुरुवातीची न जुळणारी मोजमापं गाळली, आणि आलेखाची रेघ उरलेल्या ठिपक्यांवरून अशी नेली की बघत राहावं.

बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आकडा कुठून आणलास? आणि सुरुवातीचे ठिपके कुठे गेले?"

सुरुवातीला थर्मामीटर नीट चालत नव्हता, असं मी ठोकून दिलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीची वही मागून घेतली. दर मिनिटाच्या आकड्याशेजारी तिने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. साठ अंशांपुढे प्रत्येक ओळीत एकच तक्रार: वाफ तोंडावर येते, आकडा दिसत नाही.

"झाकण नव्हतं का गं?"

"नाही, बाई. उष्णता तिथूनच जात असेल. सुरुवातीचे आकडे पहिल्या गणिताशी जुळत होते की. यानेच काढून टाकले."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई एवढंच म्हणाल्या, "तुझं गणित चुकलं नव्हतं रे, अपुरं होतं. चुकवलंस ते नंतर."

पुढचे तीन दिवस आम्ही चौघं खपलो. भांड्यात काय घडतं ते तिने सांगायचं, मी ते समीकरणात बसवायचं, बाकीच्या दोघांनी संगणकावर चालवायचं. अडलं की बाई सरळ सांगायच्या, मलाही माहीत नाही, आणि पुस्तक घेऊन शेजारी बसायच्या. वाफेबरोबर जाणारी उष्णता धरल्यावर उत्तर आलं तीस मिनिटं. गाळलेले ठिपके परत ठेवले, तेही रेघेवर बसले. खात्रीसाठी झाकण ठेवून पाणी पुन्हा तापवलं, तर तेवीस मिनिटांत काम झालं.

परीक्षक म्हणून रंगाच्या कारखान्यातले एक इंजिनिअर आले होते. त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं. ती दोनदा अडखळली, पाणी प्यायली आणि शेवटपर्यंत गेली. गाळलेल्या ठिपक्यांचं मी स्वतःच सांगून टाकलं. इंजिनिअर विभागप्रमुखांना म्हणाले की नोकरीत मुरलेली माणसंही असं चुकलेलं उत्तर उलगडत बसत नाहीत; हे प्रकल्प दरवर्षी ठेवा. ते आजही चालू आहेत, आणि ती अबोल मुलगी आता तिथेच शिकवते.

त्या दिवशी बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटल्या. ग्रंथपाल झाले, सफाईवाल्या ताई झाल्या, शेवटी शिडीवर चढून दिवा बदलणारा वीजवालासुद्धा सुटला नाही. "ही चौघं माझी," त्या म्हणाल्या, आणि भांड्याची सगळी हकीकत त्याला पहिल्यापासून ऐकवली. आम्ही मागे ताठ मानेने उभे. त्याने शिडीवरूनच सगळं ऐकून घेतलं, खाली उतरला, हात पुसले आणि आम्हा चौघांशी एकेक करून हात मिळवला.