माझे गुडघे आणि नातीची नोकरी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. नातीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागत होती, म्हणून साध्या कपड्यांतला एक पोलीस चौकशीला आमच्या इंदिरानगरच्या घरी आला. चहा नको म्हणाला, पाण्यालाही शिवला नाही. पेनाचं टोपण काढायचा, लावायचा आणि पुन्हा तेच विचारायचा, "बाबा, नातीच्या नावावर कर्ज आहे का?"

"नाय म्हटलं ना! किती वेळा सांगू?" तिसऱ्यांदा मी ओरडलोच. कर्ज होतं. माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी तिनं काढलेलं. पण परक्या माणसापुढं ते कोण कबूल करणार?

त्यानं शांतपणे टोपण लावलं. "कर्ज असलं तर चालतं हो. लपवणाऱ्याला उद्या कुणीही त्यावरून दाबतं, कारखान्यातली गुपितं मागतं, त्याची भीती. पोरीनं फॉर्मात कर्ज लिहिलंय, तुम्ही नाही म्हणता. मी कुणाला खोटं ठरवू?"

तो गेला. संध्याकाळपर्यंत मी त्याच्यावरच चिडत बसलो, मग स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गुडघ्यांनी त्याच्या कचेरीचा जिना चढलो, बँकेचा कागद टेबलावर आपटला आणि म्हणालो, "लिहा साहेब. पोरगी खरी, म्हातारा खोटा."