आमच्या साडूंचा उजवा खांदा

कुवेतमधल्या साऱ्या मराठी मंडळींत, आणि मी तर म्हणतो साऱ्या आखातात, अमेरिकन फुटबॉलचा मराठी क्वार्टरबॅक एकच. आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला मिळाला. साडू म्हणून आमचा संबंध खरं तर सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी बसण्यापुरताच असायला हवा होता. पण मी नोकरीनिमित्त इथल्या एका बँकेत हिशेब तपासायला आलो, आणि पहिल्याच शुक्रवारी सकाळी सहा वाजता हा गृहस्थ दारात हजर. माझ्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा गुरुत्वमध्य उत्तम आहे. बूट घाला." तेव्हापासून दर शुक्रवारी मी अब्बासिया वस्तीमागच्या भाड्याच्या मैदानावर त्यांच्याकडे पाठ करून ओणवा होत आलो.

हा ओणवेपणा समजावून सांगायला हवा. अमेरिकेत या खेळात माणसं एकमेकांवर रेड्यांसारखी आदळतात म्हणे. आमच्याकडे कमरेला दोन पट्ट्या लटकवलेल्या असतात, समोरच्याने एक जरी ओढली तरी आपण बाद. आमच्या वयाला तेच झेपतं. चेंडू लिंबासारखा, दोन्हीकडून टोकदार. मध्यभागी एक जण वाकून तो चेंडू दोन पायांमधून मागे देतो, तो मी. मागे उभा राहून तो घेतो, चहूकडे पाहतो आणि नेमका पळत्या गड्याच्या हातात फेकतो, तो क्वार्टरबॅक. म्हणजे आमचे साडू. सगळी अक्कल, सगळी जबाबदारी आणि सगळ्या टाळ्या त्याच्या. वाकणाऱ्याच्या वाट्याला फक्त कंबर येते.

भाऊंना (मी त्यांना भाऊ म्हणतो) हे वेड लागलं ते शुवैखच्या वर्कशॉपमध्ये. हे तिथे पंपदुरुस्तीचे प्रमुख. एका अमेरिकन साहेबाने जेवणाच्या सुटीत सहज चेंडू फेकायला दिला. मालेगावात लहानपणी चिंचा पाडून हात तयार झालेला. यांनी तो चेंडू असा भिरकावला की गोदामाच्या पत्र्यावरून पलीकडे गेला. साहेब बघतच राहिला. त्या दिवसापासून भाऊंनी उजव्या हाताने भाजीची पिशवी उचललेली नाही. पाहुण्यांशी हस्तांदोलन डाव्या हाताने. झोपायचं तेही उजवा खांदा छताकडे करून. सामन्याआधी ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्या खांद्याला महानारायण तेल चोळून द्यायची. ते तेल खांद्यावरून दंडावर, दंडावरून तळव्यावर आणि तळव्यावरून चेंडूवर उतरायचं. एकदा समोरच्या लेबनीज संघाचा कप्तान पंचांकडे तक्रार घेऊन गेला, की चेंडू हातात राहत नाही आणि वास औषधाच्या दुकानासारखा येतो. भाऊ शांतपणे म्हणाले, "इट इज आवर कल्चर." पंचाने मान डोलावून खेळ पुढे सुरू केला.

त्यांच्या चालींची नावं हा एक स्वतंत्र विषय आहे. चाली गुप्त राहाव्यात म्हणून अमेरिकेत आकडे वापरतात. भाऊ म्हणाले, आपल्याला आकड्यांची गरज काय, आपल्याजवळ मराठी आहे! मग थालीपीठ म्हणजे लांब फेक, उप्पीट म्हणजे जवळची, आणि मिसळ म्हणजे सगळ्यांनी सैरावैरा पळायचं. भर मैदानात ते खुशाल ओरडत, "मिसळ रे, मिसळ! तर्री वाढवून!" आणि समोरचे फिलिपिनो, अमेरिकन, कुणीही असो, भांबावून जात. पुढे एका शुक्रवारी कुवेती पोरांच्या संघाशी गाठ पडली. भाऊंनी "मिसळ" पुकारली, आणि समोरचा एक उंच कुवेती पोरगा आपल्या गड्यांना हातवारे करत काहीतरी ओरडला. सगळेच्या सगळे पसरून उभे! चेंडू गेला, पट्टी ओढली गेली. तो पोरगा हसत हसत आला आणि म्हणाला, "काका, मी इंजिनिअरिंग पुण्यात केलं. मिसळ मला चांगली माहीत आहे." दुसरा कुणी असता तर चिडला असता. भाऊ त्याला जवळ घेऊन अर्धा तास विचारत राहिले, की बाबा रे, कुठली खायचास, पाव किती घ्यायचास. पुढच्या आठवड्यापासून मात्र सगळ्या चाली अहिराणीत आल्या. त्या समोरच्यांना कळेनात हे खरं, पण आमच्यातही भाऊ सोडून कुणाला कळत नव्हत्या. तीन सामने हरल्यावर आम्ही परत थालीपिठावर आलो.

अमेरिकेतले सामने ते घरी टीव्हीवर पाहत, आणि तिथल्या एका वयस्क क्वार्टरबॅकवर त्यांचा फार जीव. त्याने आता निवृत्त व्हावं की नाही, यावर तिकडे चर्चा चालायच्या. कोटातली चार माणसं टेबलाभोवती बसून त्याचे गुडघे आणि खांदे यांची चिरफाड करायची. भाऊ टीव्हीशी भांडत. "अरे, तुम्हाला काय त्रास आहे त्याचा? तुमच्या घरी जेवायला येतो का तो?" एकदा त्या खेळाडूने खरंच निवृत्ती जाहीर केली. ताईचा मला फोन, आवाज रडवेला. "अहो, हे ताटावरून उठून गेले. कोण गेलं हो?" मी धावत गेलो. भाऊ गॅलरीत उभे. म्हणाले, "त्याला थकवला त्यांनी. रोज विचारून विचारून थकवला." पुढे त्या माणसाने विचार बदलला आणि तो पुन्हा खेळायला उतरला, तेव्हा भाऊंनी इमारतीत पेढे वाटले. वॉचमनने विचारलं, मुलगा झाला का? भाऊ म्हणाले, तसंच समजा.

आणि मग हळूहळू तीच चर्चा आमच्या मैदानावर येऊन बसली. थालीपीठ पुकारलं तरी चेंडू उप्पिटाच्या अंतरावर पडायला लागला. आधी वारा कारण होता. मग धूळ. मग मी, "साडूभाऊ, चेंडू उशिरा देताय तुम्ही." ओणव्या माणसाला प्रत्युत्तर देणं अवघड असतं, म्हणून मी ऐकून घेतलं. पण गाडीत त्यांना सीटचा पट्टा ओढता येईना, तो मी लावून द्यायचो आणि दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही. ताईने एकदा हळूच सांगितलं, की हे आता भांगसुद्धा डाव्या हाताने पाडतात. आमच्या संघात परभणीची एक स्टाफ नर्स होती, कॉलेजात हँडबॉल खेळलेली. आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. तिचा हात असा की चेंडू गेलेला कळायचाच नाही, पोचल्यावर कळायचं. सगळ्यांना दिसत होतं की भाऊंच्या जागी आता तिने उभं राहायला हवं. हंगामाचे शेवटचे चार सामने उरले होते आणि आम्ही तळाला. पण सिस्टर ठणकावून म्हणाली, "काकांना सांगायची तुमची टाप नाही, आणि मला पुढं ढकलता व्हय? ते आपण होऊन म्हणतील तेव्हाच उभी राहीन मी."

झालं, सांगायचं कुणी? एका चहाच्या टपरीवर आमची बैठक बसली. मराठी माणसाला एखाद्याला तोंडावर 'पुरे' म्हणता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे एकच राजमार्ग आहे, सत्कार! लगेच एका उपाहारगृहाचा वरचा हॉल घेतला. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. भाषणं तर काय वर्णावी! "त्यांचं मोलाचं मार्गदर्शन यापुढेही लाभत राहो," असं लागोपाठ तिघे जण म्हणाले. आपल्याकडे हे वाक्य ऐकलं की शहाणा माणूस उठून चपला शोधतो. सिस्टर मागे हाताची घडी घालून उभी होती, तिला हे मुळीच पसंत नव्हतं. शेवटी भाऊ उत्तराला उभे राहिले, शाल सावरली आणि गहिवरून म्हणाले, "या प्रेमाने मला नवी उमेद आली आहे. अजून पाच वर्षं मी तुमची साथ सोडत नाही." टाळ्या वाजवण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं.

परत निघालो. मी त्यांचा पट्टा लावला, गाडी सुरू केली. भाऊ मांडीवरचं श्रीफळ डाव्या हाताने फिरवत होते. मग म्हणाले, "तुम्ही मला नारळ दिलात, ते मला कळलं नाही असं वाटलं का तुम्हाला?"

मी चपापून विचारलं, "मग ती पाच वर्षं?"

"भाषणात माणूस काहीही बोलतो हो." मग शालीची घडी घालत म्हणाले, "कंपनीनेही सांगितलंय. मे अखेर काम संपलं, मग इकामाही संपला. परत नाशिकला जायचं. तुमच्या ताईशिवाय कुणाला बोललो नाही अजून."

तीस-बत्तीस वर्षं ज्या देशात काढली तिथला राहण्याचा परवाना एका नोकरीच्या धाग्याला लटकलेला असतो, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत असतं.  मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी डावा हात वर केला. "जाण्याचं दुःख नाही मला. पण कंपनीने विचारलं नाही, परस्पर ठरवलं. आणि तुम्ही माझी माणसं, तुम्हीही परस्परच ठरवलंत. अहो, तोंडाने विचारा ना एकदा! भाऊ, थांबताय का, एवढंच. त्या अमेरिकन बाबाला रोज विचारून छळतात म्हणून मी चिडायचो. पण निदान विचारतात तरी त्याला."

सिग्नल लाल होता. मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "भाऊ, थांबताय का?"

"नाही," भाऊ म्हणाले. आणि मग, "पण विचारलंत, बरं वाटलं." मला रडू आवरेना आणि हसूही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला पुढे काढलं.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा मैदानावर वाकायला गेलो, तर माझ्या जागेवर भाऊ. सिस्टरला हाक मारून त्यांनी तिला मागे, आपल्या जागी उभं केलं होतं. तेलाचा वास नव्हता. मला म्हणाले, "जागा सोडली मी. खेळ नाही सोडला. चेंडू मागे द्यायला खांदा लागत नाही, कंबर लागते, आणि ती माझी तुमच्यापेक्षा बरी आहे. तुम्ही बाहेर बसा." म्हणजे एवढ्या सगळ्या उलाढालीत निवृत्त कोण झालं, तर मी! आणि मला कुणी काही विचारलंही नाही. मी पाण्याच्या बाटल्यांजवळ जाऊन बसलो.

भाऊ वाकले. "आई गं" एवढं मोठ्याने म्हणाले की पंचांनी थांबून पाहिलं. मग त्यांनीच आरोळी ठोकली, "थालीपीठ!" सिस्टरने चेंडू घेतला आणि सोडला. इतकी वर्षं माझी मान खाली असायची, त्यामुळे लांबची फेक जाते कशी हे मी धडपणे पाहिलंच नव्हतं. चेंडू मैदानाच्या पार टोकाला जाऊन आमच्या गड्याच्या छातीवर विसावला. सगळे तिकडे धावले. भाऊ मात्र गुडघ्यांवर हात टेकून, मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होते. "साडूभाऊ, इथून तर काहीच दिसत नाही हो! इतकी वर्षं तुम्ही काय पाहत होतात?"

"काही नाही," मी ओरडलो. "तुमचा आवाज ऐकायचो फक्त."

भाऊ उठले, सिस्टरच्या पाठीवर उजव्या हाताने थाप मारली, खांदा दुखला असणार, आणि पुन्हा वाकले. तो सामना आम्ही जिंकलो. त्यानंतरचाही. आता नाशिकला गेल्यावर पोरं जमवायची, मैदान बघायचं, असे बेत त्यांचे रोज चालू असतात. दोन चेंडू तर सामानात आधीच बांधून झाले आहेत. माणूस पंधरा वर्षांनी लहान दिसायला लागलाय. परवा मैदानावरून निघताना मला म्हणाले, "कमरेची सवय मोडू देऊ नका. ऑक्टोबरात नवा हंगाम, तेव्हा तुमची जागा तुम्हालाच." म्हणून मी रोज सकाळी हॉलमध्ये ओणवा होतो, आणि आमची ही चहाचा कप घेऊन माझ्याकडे पाहत राहते. ऑक्टोबरात, भाऊ इथे नसताना, माझी जागा मला परत मिळणार आहे. खरं सांगतो, ती मला नको आहे.