उघडी तोंडं

शाहूपुरीच्या दुकानात शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आला आणि आमचं राधानगरीकडचं शेततळं आठवलं. एके दिवशी उजाडताना त्यात पाळलेले सगळे कटला मासे पाण्यावर तोंडं उघडून आले होते. दारातल्या पावण्याला उपाशी ठेवायची आमची रीत नव्हे. भुकेले समजून मी घमेलंभर पेंड ओतली. शेजारच्या तळ्यावरचे रहीमचाचा ओरडत आले, "भूक न्हाय, वैनी. पाण्यातली हवा संपलीया, जीव गुदमरतोय त्यांचा. पंप लावून पाणी उडवा आधी."

पंप सुरू होईपर्यंत तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं. मी रिकामं घमेलं धरून उभीच राहिले. इतक्या वर्षांनीही काठाशी आलेला तो एक मासा दिसतो. त्याच्या उघड्या तोंडात माझी पेंड तशीच होती.