लिंबूटिंबू

आत्याचं किल्ल्यांचं दुकान होतं. कानशीनं घासलेली किल्ली कुलपात फिरवून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. "लागली तर किल्ली, नाहीतर नुसतं लोखंड," म्हणायची.

लहानपणी बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिला प्रत्येक खेळात लिंबूटिंबू धरायचे. ती आऊट झाली तरी आऊट नाही, आणि जिंकली तरी ते मोजायचं नाही. बुद्धिबळ शिकली तेव्हा तिनं त्यांना बजावलं, "इथे मला लिंबूटिंबू धरायचं नाही. घे शपथ." बाबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पुढे बाबांचं रेटिंग चढत गेलं, आत्याचं तळाशीच रेंगाळलं. ती हरायची, चिडायची, पुन्हा पट मांडायची. एकदाच, एका स्पर्धेत, तिनं त्यांना बरोबरीत अडवलं. ती कथा न ऐकता किल्ली घेऊन सुटलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नाही.

यंदा तिच्या हातांना कंप सुटला. दुकान विकायचं ठरलं. ही स्पर्धाही शेवटचीच, असं तिनं जाहीर करून टाकलं. आणि शेवटच्या फेरीत समोर नेमके बाबा आले.

"आज दादाला खरंखुरं हरवते की नाही बघ," ती मला म्हणाली. आयुष्यात तिला तेवढंच हवं होतं.

डाव बाबांच्या बाजूनं झुकला होता. तेवढ्यात त्यांनी डाव्या कानाची पाळी चोळली. खोटेपणा करायचा असला की बाबांचा हात कानाकडे जातो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, एक बाबा सोडून. त्यांनी घोडा उचलला, मागचा वजीर उघडा पडला. आत्या पटाकडे नाही, त्यांच्याकडे बघत राहिली. मग थरथरत्या हातानं तिनं वजीर मारला. थोड्या वेळानं बाबांनी डाव सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला.

बाहेर व्हरांड्यात बाबा हसत म्हणाले, "मानलं बाई तुला!"

"हात थरथरतात रे माझे, डोकं नाही," आत्या म्हणाली. "शपथ घेतली होतीस."

"अगं, शेवटचा डाव. म्हटलं, तुला बरं वाटेल."

आत्या चपला घालायला वाकली. मग एकदम दचकून तिनं वर पाहिलं.

"दादा, ती बरोबरी? ती तरी खरी होती ना?"

"म्हणजे काय! अगदी खरी," बाबा म्हणाले, आणि त्यांचा हात कानाकडे गेला.