चौकातली चुन्याची भट्टी

प्राध्यापिकाबाईंनी भरसभेत लोकांच्या अंगावर माइक फेकला आणि म्हणून त्यांचा विभाग बंद झाला, अशी वार्ता गल्लीभर झाली. इस्त्रीवाल्याने तर कोणाचा दात पडला तेही सांगून टाकलं. सगळ्या थापा. माइक स्टँडला घट्ट बसवलेला होता, आणि बाईंनी जन्मात कोणावर कागदाचा बोळासुद्धा फेकला नव्हता.

बाई इतिहास शिकवायच्या. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, की या विचारायच्या, "कशावरून?" गल्लीने नाव ठेवलं, पुरावाबाई. निम्मं आयुष्य त्यांनी चौकातल्या दगडी मनोऱ्यापायी घालवलं. तिथे एका वीराने एकट्याने शत्रूला थोपवलं आणि तिथेच देह ठेवला, असं सगळे छाती फुगवून सांगतात. बाईंना मात्र आतल्या भिंती भाजलेल्या दिसल्या. मनोरा कसला, चुन्याची भट्टी! तिथे राबणाऱ्यांचे डोळे चुन्याने जायचे आणि पोरं त्यांना हाताला धरून घरी न्यायची. बाई त्या माणसांबद्दल अशा बोलायच्या, जणू काका-मामाच.

पण वर्गात विद्यार्थी उरले नव्हते. विभागप्रमुखांनी बजावलं, "तुमचं संशोधन लोकांपर्यंत न्या. लोक पाठीशी आले तरच विभाग वाचेल, नाहीतर कुलूप."

आणि लोक आले की! वाचनालयाचं सभागृह तुडुंब, खिडक्यांतसुद्धा माणसं. बाई हरखून गेल्या. चुन्याबद्दल, डोळ्यांबद्दल मन लावून बोलल्या. समोर जांभया सुरू झाल्या. शेवटी चौक समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले सलूनवाले, पुष्पगुच्छ घेऊन उठले.

"ते सगळं ठीक आहे हो, बाई. आपला वीर इथेच पडला, एवढं एकदा तुमच्या तोंडून होऊन जाऊ द्या. मग टाळ्या वाजवायला आम्ही मोकळे!"

पहिल्या रांगेतून विभागप्रमुख डोळ्यांनी विनवत होते, हो म्हणा, हो म्हणा. बाईंच्या ओठांपर्यंत 'हो' आलंही. पण जन्माची सवय!

"उपलब्ध पुराव्यावरून तसं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. आणि त्याच सवयीने पुढे, "अर्थात, तो नव्हताच असंही ठामपणे म्हणता येत नाही."

हे दुसरं वाक्य खुर्च्यांच्या खडखडाटात कोणाच्या कानी पडलंच नाही. पुष्पगुच्छ आल्या पावली परत गेला आणि सलूनच्या आरशासमोर सुकला.

विभागाला कुलूप लागलं. बाई आता परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतात. समितीने मनोऱ्याला आतून गुळगुळीत गिलावा करून घेतला. भाजलेला एकही दगड आता दिसायचा नाही. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

थोरल्या जाऊबाईंना राहवलं नाही. "एक 'हो' म्हणाली असतीस तर तुझी जीभ झडली असती का गं? एवढी माणसं तुला ऐकायला आली होती!"

बाई म्हणाल्या, "मला ऐकायला कोणी आलं नव्हतं, जाऊबाई. ते स्वतःचंच ऐकायला आले होते."