झोटवाड्यात जमलेलं आइस्क्रीम

पालघरहून निघताना माझ्याजवळ कपड्यांची पिशवी, पायरी आंब्यांची करंडी आणि आइस्क्रीमचा लाकडी पॉट होता. यांना रजा नव्हती, म्हणून एकटीच निघाले. कोणी बोलू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले, पण पॉटचा दांडा सगळ्यांच्या वाटेत. रतलामच्या पुढे एका म्हाताऱ्याने विचारलंच, ‘बेटी, चरखा है क्या?’ मी नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्याने ठरवलं.

सवाई माधोपूरला धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान न्यायला आले होते. ते रेल्वेत, सुमन बारा वर्षं जयपूरलाच आहे. तिथून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. बाहेर वाळू, मधूनच खेजडी (आपली शमी) आणि रुळांपाशी निवांत चालणारे मोर.

जयपुरात झोटवाड्याला, सुमनच्या घरी पोचल्यावर कळलं, सुमनने गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलंय की ताईचं आइस्क्रीम खाल्लंत तर इथली कुल्फी विसराल. रविवारी संध्याकाळी सगळ्या येणार होत्या. ‘मला नाही जमणार,’ मी म्हणाले. हे माझं नेहमीचंच.

रविवारी दूध आटवून गार केलं, रस घातला, डबा पॉटमध्ये बसवला, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. घरी अर्ध्या तासात दांडा जड होतो. इथे तास झाला तरी डब्यात गार दूधच. भाची पिंकी सारखी विचारी, ‘मौसी, जम गया?’ शेवटी सुमनने सांगितलं, तिला फिकं लागलं म्हणून तिने दोन वाट्या साखर आणखी घातली होती. बारा वर्षांत जीभ इथली झालेली.

‘आता त्या काय म्हणतील गं, ताई?’ तिचे डोळे भरून आले.

कोपऱ्यावर कुल्फीवाला होता. पण त्याच्याच कुल्फीला नावं ठेवलेली, सुमन कशी जाणार? पदर सावरून मीच गेले.

‘भैया, दूध गोठता नहीं.’ त्याला कळेना. मग पिंकीचा शब्द आठवला. ‘जमता नहीं.’

‘अच्छा, वही, जो मेरी कुल्फी भुलवाएगी?’

मी मान हलवली. साखरेचं ऐकून तो हसला. ‘बाईजी, मीठा बढ़ाया है तो नमक भी बढ़ाओ.’ (गोड वाढवलंत, आता मीठही वाढवा.) गोड दूध जास्त गारठा मागतं, म्हणाला, आणि मिठाने सुटलेलं पाणी बर्फाहून गार असतं, ते फेकू नका. सांभर सरोवराच्या खडेमिठाची पुडी दिली आणि आइस्क्रीमची एक वाटी स्वतःसाठी मागितली.

परतले तर सुमन तेच पाणी ओतायला निघालेली. तिचा हात धरला. बर्फ घातला, मीठ घातलं, दांडा फिरवू लागले. फिरवताना वाटलं, साखर काय, मीठ काय, विरघळलं की दोन्ही पाण्याला लवकर गोठू देत नाहीत. साखरेने आत अडवलं होतं. मिठामुळे बाहेरचं पाणी न गोठताच आणखी गार होत गेलं, आणि हळूहळू दांडा जड झाला.

‘जम गया,’ पिंकीला मीच सांगितलं.

बायकांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. सुमन रात्रीपर्यंत हसत होती. कुल्फीवाल्याची वाटी धुऊन परत आली, निरोपासकट: मीठा थोड़ा ज़्यादा है.

परतीच्या गाडीत एका बाईने दांड्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मी आपणहून सगळं सांगितलं, अगदी बडोदा येईपर्यंत.

घरी यांनी विचारलं, ‘एकटीला जमलं ना सगळं?’

‘जमलं,’ मी म्हणाले. ‘मीठ थोडं जास्त लागलं.’