कुंकू लावलेले क्लब

जगलिंगच्या क्लबचीही पूजा होते, हे मला महिला दिनाला आमच्या बेंबळी गावात कळलं. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

क्लब म्हणजे पोटाशी फुगीर, मुठीकडे निमुळतं दांडकं. अशी तीन हवेत खेळवत ठेवायची. बायकोचा खांदा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. तिनं मोबाइलवर हा खेळ शोधला. थंड पेयाच्या बाटल्यांत झाडूचे दांडे खुपसून, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून मी क्लब करून दिले. आधी एकच. कोपर अंगाशी, मूठ सैल, डोळ्यांच्या उंचीवर एक गिरकी आणि दुसऱ्या हातात. मग दोन: पहिला सगळ्यात वर पोचला की दुसरा सोडायचा. घाई केली की दोन्ही नाकावर. तिसरा जमेपर्यंत हिवाळा सरला. गुडघ्याखालून फेकणं साडीत होईना, म्हणून तिनं क्लब हनुवटीवर तोलायचं ठरवलं. नजर वरच्या टोकावर ठेवली की पाय आपोआप त्याच्याखाली जातात.

गच्चीवर हे चाललेलं असताना तिची धाकटी जाऊ खालून ओरडायची, "अक्का, सर्कशीत नाव घातलं का?" गल्लीतल्या बायकांचंही तेच. बायकोला त्याच बायकांसमोर एकदा, फक्त एकदा, करून दाखवायचं होतं.

महिला दिनाच्या कार्यक्रमात तिला ती संधी मिळाली. प्रमुख पाहुणे असलेले साहेब दोन तास उशिरा आले. मग शाल, श्रीफळ, फेटा. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. व्यासपीठावर फेटेच फेटे, ज्यांचा दिवस त्या खाली सतरंजीवर. साहेब महिलांच्या सहनशीलतेवर बोलले आणि ती तपासूनही घेतली.

अखेर बायको क्लब घेऊन वर गेली. तेवढ्यात सूत्रसंचालक गरजला, "आता साहेबांच्या शुभहस्ते साहित्यपूजन!" समईच्या तेलाचे हात तसेच मुठींवर फिरले. हळदकुंकू झालं, हार झाला, वर नारळाचं पाणी.

मी म्हणालो, "अहो, मुठी ओल्या करू नका, निसटतील."

"सर, शुभकार्यात आडवं येऊ नका," सूत्रसंचालक म्हणाला.

पहिलीच फेक निसटली. क्लब समईशेजारी आपटला. साहेबांनी माइक ओढला. "ताई, दांडकं नवऱ्यावर चालतं, हवेत न्हाय!" मंडप हसला. सगळ्यात मोठ्यानं जाऊ.

बायकोनं टेबलावरची साहेबांची शाल उचलली आणि एकेक मूठ सावकाश, कोरडी होईपर्यंत पुसली. शाल लालभडक.

"अवो, सत्काराची शाल हाय ती!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय. लई बरी पुसती."

साहेबांना एकाएकी पुढचा कार्यक्रम आठवला. त्यांच्यामागं फेटे गेले, फोटोवाला गेला. पूजेचा फोटो त्यानं आधीच घेतला होता. तोच पुढं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यात बायकोचं कोपर तेवढं आलंय.

मंडपात बायका उरल्या. तिनं फेकायला सुरुवात केली. तीन क्लब एका लयीत वरखाली होत राहिले. मग दोन हातात थांबले, तिसरा हनुवटीवर उभा. कुणी हसलं नाही.

जाऊ प्रसादाचं खोबरं चघळत पुढं आली. "अक्का, एक द्या की. कुठं धरायचं?"

बायकोनं तिच्या ओशट बोटांकडं पाहिलं आणि शाल पुढं केली.